गप्प बसायला शिकवणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. तुमच्या विज्ञानाच्या खोलीतल्या उंच कपाटावर, पोचा आलेल्या पृथ्वीगोलाच्या शेजारी माझी जागा आहे. तुमच्यापैकी काही जण मला माशांची टाकी समजतात, काही जण पोपटाचा पिंजरा. परवा एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "हा जुना टोस्टर आहे यार." यात तुमचा दोष नाही. माझी एक बाजू काचेची आहे, बाकीच्या ॲल्युमिनियमच्या. तळाला पितळी गज आहेत, आतल्या भिंतीत एक खटका आहे, खटक्याशेजारी एक लहान वाटी आहे आणि वाटीत उतरणारी एक नळी. अशी वस्तू कुणाच्या घरात नसते. एका घरात मात्र मी होते.

माझा जन्म दिल्लीतलाच, रिजच्या टेकडीजवळच्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. देश स्वतंत्र होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली असतील. परदेशातून यंत्रे मागवायला परकीय चलन मिळत नसे, म्हणून लागेल ते इथेच बनवायचे, असा तो काळ होता. विनायकराव नावाचे एक तरुण संशोधक साताऱ्याहून तिथे नोकरीला आले होते. प्राणी नव्या गोष्टी कशा शिकतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांनी आलेखाच्या कागदावर माझे चित्र काढले आणि वर्कशॉपच्या मिस्त्रींकडून मला घडवून घेतले. माझा बझर टेलिफोन एक्सचेंजच्या भंगारातून आला. मी पूर्ण झाले तेव्हा विनायकरावांनी खटका दाबून पाहिला. नळीतून बाजरीचा दाणा घरंगळत वाटीत पडला. ते कुणाशी न बोलता हसले, आणि लगेच पुन्हा दाबून पाहिला.

माझे काम सोपे होते. माझ्यात एक पांढरा उंदीर सोडायचे. तो भुकेला असे. इकडे तिकडे हुंगता हुंगता त्याचा पाय चुकून खटक्यावर पडे आणि वाटीत दाणा येई. थोड्या वेळाने पुन्हा तसेच घडे. मग त्याच्या लक्षात येई की या दोन गोष्टींचा काही संबंध आहे. एकदा ते लक्षात आले की तो खटक्यापाशीच उभा राही आणि मोठ्या उत्साहाने दाबत सुटे. विनायकराव विद्यार्थ्यांना म्हणत, "बघा, याला कुणी शिकवलं नाही. त्याने केलं, त्याचं चांगलं फळ मिळालं, म्हणून तो ते पुन्हा करतो. एवढंच."

ते दिवस मला आवडत. शिकणारा प्राणी आत असला की माझ्या भिंतींना त्याच्या नखांची खरखर जाणवे.

नंतर प्रयोगाचा दुसरा भाग सुरू झाला. माझ्या पितळी गजांना तारा जोडल्या गेल्या. आता खटका दाबला की दाणा तर मिळेच, पण कधीकधी आधी बझर वाजे आणि लगेच गजांतून विजेचा झटका येई. कधी झटका येईल आणि कधी येणार नाही, हे उंदराला कळत नसे. झटका लहान होता, इजा होण्याइतका नव्हता. पण बझर वाजताच उंदीर पायांची बोटे आखडून घेऊ लागले. पुढे पुढे झटका आला नाही, नुसता बझर वाजला, तरी बोटे आखडत.

त्यातला एक उंदीर मला आठवतो. ओळखण्यासाठी त्याच्या शेपटीला जांभळी शाई लावली होती. तो सगळ्यांत हुशार होता, सगळ्यांच्या आधी खटका शिकला होता. झटके सुरू झाल्यावर त्याने खटका सोडला. हे अपेक्षितच होते. पण त्याने हुंगणेही सोडले. मिशा साफ करणे सोडले. काचेवर पाय ठेवून बाहेर बघणे सोडले. तो कोपऱ्यात बसून राहिला, आणि तारा काढून टाकल्यावरही तसाच बसून राहिला. नळी दाण्यांनी भरलेली होती आणि तो उपाशी होता.

विनायकराव त्या दिवशी बराच वेळ काचेसमोर बसले. मग विद्यार्थ्यांना म्हणाले, "शिक्षेने त्याला काय करू नये ते कळलं. काय करावं ते नाही कळलं. मग तो सगळ्यांत सुरक्षित गोष्ट करतो. काहीच करत नाही. आणि आपण कागदावर लिहितो, शिक्षा यशस्वी झाली."

मित्रांनो, हे वाक्य त्यांनी स्वतः म्हटले होते. ते विसरले असेही नव्हते. पुढचे सांगण्याआधी एवढे तुम्हाला माहीत असावे.

काही वर्षांनी संस्थेत नवी यंत्रे आली आणि मला कंडेम केले गेले. कंडेम म्हणजे सरकारी भाषेत निरुपयोगी. माझ्या जोडीच्या दोन पेट्या भंगारात गेल्या. मला विनायकरावांनी रीतसर मागून घेतले आणि सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून घरी नेले.

तिमारपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये पहिल्या मजल्यावर त्यांचे घर होते. पत्नी कुमुदताई एका सरकारी कार्यालयात नोकरी करत. सात वर्षांची मुलगी सुनीती शेजारच्या हिंदी शाळेत जाई आणि शाळेतून आली की जिन्यावर ठाण मांडून बसे. खालच्या मजल्यावरची परमजीत तिची मैत्रीण. दोघींचे बोलणे जिन्यावरून वर-खाली अखंड चाले, अर्धे हिंदी, अर्धे पंजाबी. त्याचे उरलेसुरले घरात येई.

"आई, मला प्यास लागली."

"तहान, सुनीती."

"हां, तहान. और परमजीतला पण लागली."

घरात सगळे असेच बोलत. कुमुदताई भाजीवाल्याशी बोलता बोलता नवऱ्याशीही हिंदीत बोलून जात. त्याचे कुणाला काही वाटत नव्हते. मग त्या उन्हाळ्यात सगळे साताऱ्याला एका मुंजीला जाऊन आले, आणि विनायकराव बदलले.

तिथे काय झाले, ते मी त्यांच्या बोलण्यातूनच ऐकले. पंगतीत सुनीती मोठ्याने म्हणाली होती, "भाऊकाका, मला भात नको, माझं पेट भर गया." सारी पंगत हसली. विनायकरावांचे थोरले भाऊ भाऊसाहेब सर्वांसमोर म्हणाले, "विनायक, अरे, लेक कुणाची आणलीस ही? उद्या तुला पिताजी म्हणेल. आत्तापासूनच सरदारजींसारखा फेटा बांधून ठेव."

"ते चेष्टा करत होते हो," कुमुदताई म्हणाल्या.

"चेष्टेचं मला काही नाही," विनायकराव म्हणाले. "पण ती आईजवळ जाऊन अर्धा तास बोलत होती. आईला त्यातलं काहीएक कळलं नाही. आई नुसती हसत राहिली. आपल्याच नातीकडे बघून परक्यासारखी हसत राहिली. ते मला बघवलं नाही."

 कुमुदताई म्हणाल्या, "पहाडगंजच्या मराठी शाळेत घालू या का?"

"दोन बसगाड्या बदलून? एवढ्याशा पोरीला? नको. घरातच करू. माझा विषयच आहे तो."

आणि मला जेवणाच्या टेबलावर ठेवले गेले. माझी वाटी बाहेरच्या बाजूला वळवून बसवली आणि नळीत बाजरीऐवजी बडीशेपेच्या रंगीत गोळ्या भरल्या. खटक्याला एक दोरी बांधली. तिचे टोक विनायकरावांच्या हातात. जेवताना सुनीतीने मराठीत नीट वाक्य बोलले की दोरी ओढायची आणि गोळी वाटीत पाडायची.

तुम्हाला सांगते, तो महिना फार गमतीचा गेला. पहिल्याच दिवशी सुनीतीला युक्ती कळली. ती टेबलावरच्या वस्तूंकडे बोट दाखवत सुटली, "ही वाटी आहे. हा चमचा आहे. हा बटाटा आहे. हा पण बटाटा आहे."

"लबाड," विनायकराव हसत म्हणाले. "बटाट्याची एकच गोळी."

"अहो, मलाही पाडा की एक," कुमुदताई म्हणाल्या. "मी लग्नापासून मराठीच बोलतेय, फुकट."

सुनीती नवे शब्द शोधून आणू लागली. आईच्या मागे मागे फिरून, पातेल्याकडे बोट दाखवत विचारी, "पतीलाला काय म्हणायचं? और झाडूला?" गोळीसाठी सुरू झालेले बोलणे गोळीच्या पुढे जाऊ लागले. एकदा शाळेतल्या भांडणाची हकीगत तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत सांगितली, आणि वाटीत पडलेल्या गोळ्या घ्यायला विसरून गेली. असे रोज घडत राहिले असते तर वर्षभरात ती आजीशी पोटभर बोलली असती. मला त्याची खात्री वाटते, कारण शिकणारा जीव कसा दिसतो, हे मी पुष्कळ जवळून पाहिले आहे.

पण भाऊसाहेब डिसेंबरात कामासाठी दिल्लीला येणार आणि इथेच उतरणार, असे ठरले. विनायकरावांना घाई झाली. सुनीती मराठी बोलत होती हे खरे, पण वाक्यात हिंदी शब्द येतच होते. ते तिला वेगळे करता येत नसत, कारण तिच्यासाठी ते वेगळे नव्हतेच.

एका रविवारी त्यांनी माझा बझर पुन्हा जोडला. बटण टेबलाच्या कडेला, आपल्या उजव्या हाताशी बसवले. नियम असा की हिंदी शब्द आला की बझर वाजेल, आणि बझर वाजला की त्या संध्याकाळी जिन्यावर खेळायला जाणे बंद.

"अहो, हे कशाला?" कुमुदताईंनी विचारले.

"वीज नाही, मार नाही. नुसता आवाज. तिला कुठे चुकलं ते कळायला हवं ना."

"आत्ता तुम्ही मला 'सब्जी वाढ' म्हणालात. तुम्हाला कोण वाजवणार?"

"मला मराठी येतं गं. तिचं हातातून चाललंय."

पहिल्यांदा बझर वाजला तेव्हा सुनीतीला हसू आले. दुसऱ्यांदा ती दचकली. त्या संध्याकाळी परमजीतने खालून हाका मारल्या आणि सुनीती खिडकीत उभी राहून नुसता हात हलवत राहिली. आठवड्याभरात मला एक गोष्ट दिसली, जी टेबलावरच्या माणसांना दिसली नाही, कारण मी टेबलाच्या काठावर होते आणि माझ्या काचेतून खुर्चीखालचे दिसत असे. बझर वाजताच सुनीतीच्या पायांची बोटे आखडत.

तिने बोलण्याआधी थांबायला सुरुवात केली. ती तोंड उघडी, मनातल्या मनात शब्द तपासून बघे, आणि अर्ध्या वेळा ते मिटून घेई. भांडणांच्या हकीगती बंद झाल्या. "और झाडूला?" बंद झाले. मग वाक्ये आखूड झाली. "पोळी." "नको." "झालं." हवी ती वस्तू बोटाने दाखवणे तिला जास्त बरे वाटू लागले. बोटाला बझर वाजत नाही.

विनायकराव रोज हिंदी शब्द किती आले ते पाहत. ते भराभर कमी होत गेले आणि एके दिवशी एकही आला नाही. त्यांना इतका आनंद झाला की जेवणानंतर त्यांनी सुनीतीला उचलून गोल फिरवले. "शाबास माझी वाघीण. आज एकदाही वाजला नाही."

सुनीती हसली. ती काही बोलली मात्र नाही.

"अहो," कुमुदताई भांडी उचलता उचलता म्हणाल्या, "तुम्ही हिंदी शब्द मोजता. ती एकूण बोलते किती, ते कोण मोजतंय?"

"बोलेल. आधी चुकीचं जाऊ दे, मग बरोबर येईल."

डिसेंबरात भाऊसाहेब आले. चार दिवस राहिले. सुनीती नमस्कार करी, पाण्याचा पेला आणून देई, विचारले तेवढेच उत्तर देई. "हो, भाऊकाका." "नाही, भाऊकाका." निघायच्या दिवशी भाऊसाहेब टेबलाशी बसून म्हणाले, "विनायक, मानलं तुला. पोर किती शहाणी झाली रे. एक हिंदी शब्द नाही, आणि तोंडाला तोंड देणं नाही. आमच्याकडची कार्टी बघ, दिवसभर कलकल. पाठवून दे तुझी ही पेटी साताऱ्याला."

विनायकरावांनी प्रेमाने माझ्यावर हात ठेवला. संस्थेतसुद्धा माझे इतके कौतुक कधी झाले नव्हते.

भाऊसाहेब गेल्यानंतर बझरची गरजच उरली नव्हती, तरी तो तसाच जोडलेला राहिला. थंडी वाढली. एका दुपारी सुनीती शाळेतून आली ती पाय पोटाशी घेऊन खुर्चीवर बसली. रात्रीच्या जेवणाला तिने ताटाला हात लावला नाही.

"का गं? जेवायचं नाही?" विनायकरावांनी विचारले.

तिने मान हलवली.

"तोंडाने सांगावं, बाळा."

बोलता बोलता त्यांचा हात नेहमीच्या सवयीने टेबलाच्या कडेवर, बटणाच्या बाजूला जाऊन टेकला. ते बटण दाबणार नव्हते. मला ते नक्की ठाऊक आहे. पण सुनीतीने त्या हाताकडे पाहिले आणि पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला. तिने चार घास गिळले. टेबलाखाली तिची बोटे इतकी आखडली होती की पावले पांढरी पडली होती.

कुमुदताईंनी निजवताना कपाळाला हात लावला. अंग कोमट होते. सर्दी असेल, असे म्हणून त्यांनी तिला दोन पांघरुणे घातली.

'पोट' हा शब्द सुनीतीला येत नव्हता, असे कृपया समजू नका. 'दुखणे'ही तिला येत होते. पण जिवाला कळ लागली असताना शब्द निवडून घ्यावे लागतात, ते तपासून घ्यावे लागतात, आणि चुकले तर काय होईल याचा हिशेब करावा लागतो. दुखणाऱ्या लहान मुलीला इतके सगळे कसे जमावे? न बोलणे हा एकच मार्ग असा होता की ज्यात आजवर तिचे कधी चुकले नव्हते.

दुसरा दिवसही तसाच गेला. ती शाळेत गेली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कुमुदताईंनी "काय होतंय?" विचारले की "काही नाही" म्हणे. ते दोन शब्द शुद्ध होते. कुमुदताईंनी तिला ताप उतरण्याची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे दुखणे थोडे कमी झाल्यासारखे वाटून ती उठून बसली, आणि आईवडिलांना बरे वाटले. मग ताप सपाट्याने चढला.

कुमुदताई कार्यालयात रजा सांगून यायला निघायच्या बेतात होत्या. दारात परमजीत आली. तिच्या हातात मफलर होता, शाळेला निघाली होती.

"आंटी, सुनीती का पेट ठीक हुआ?"

कुमुदताई थांबल्या. "पेट? कौन सा पेट?"

"उसके पेट में दर्द है ना. परसों से. स्कूल से आते टाइम रो रही थी. मैंने बोला मम्मी को बता. बोली, घर पे नहीं बोलना."

कुमुदताईंच्या हातातली पर्स खाली पडली. विनायकराव आतून येऊन उभे होते. त्यांनीही ऐकले होते.

हिंदूराव हॉस्पिटल जवळच होते. विनायकराव तिला पांघरुणासकट उचलून जिना उतरले. रस्त्यावर धुके होते आणि टॅक्सी मिळायला वेळ लागला, हे मला नंतर कळले. मी टेबलावरच होते. तिथे ताटात रात्रीची अर्धी पोळी तशीच पडलेली होती.

पुढचे मी कुमुदताईंच्या तोंडून ऐकले. त्या दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर विनायकरावही होते. ते खुर्चीत बसले. त्या उभ्याच राहिल्या.

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना? अपेंडिक्स आत फुटलं. दोन दिवस आधी आणली असती तर छोटं ऑपरेशन होतं."

"हो."

"त्यांनी तिला विचारलं, बेटा, दर्द कहाँ है. तेव्हा ती कुणाकडे बघत होती, पाहिलंत?"

विनायकरावांनी उजवा हात टेबलावरून मांडीवर घेतला.

"डॉक्टरांकडे नाही. माझ्याकडे नाही. तुमच्या हाताकडे बघत होती. तुम्ही म्हणालात, सांग बाळा, हिंदीत सांग, कशातही सांग. तरी तोंड उघडलं नाही तिने. शेवटी डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, आणि तेव्हासुद्धा ती ओरडली नाही हो. नुसते ओठ दाबून धरले."

"कुमुद, मला हे माहीत होतं," विनायकराव हळू म्हणाले. "सगळं माहीत होतं. मी हेच शिकवतो."

"तुम्हाला उंदरांचं माहीत होतं," कुमुदताई म्हणाल्या आणि कपड्यांची पिशवी घेऊन निघाल्या.

सुनीती वाचली. पण ताप बरेच दिवस चढत-उतरत राहिला, जखमेत पू झाला, आणि ती घरी आली तेव्हा थंडी सरत आली होती. तिचे हातपाय काड्यांसारखे झाले होते. खुर्चीत बसवले की बसे, निजवले की निजे. आईशी ती कुजबुजल्यासारखे दोन-चार शब्द बोले. वडिलांशी काहीच नाही.

विनायकरावांनी त्यांना येत होता तो उपाय केला. बझर तोडून टाकला, अगदी तिच्यासमोर, पेचकस घेऊन. त्याच्या तारा कापल्या. नळीत ताज्या गोळ्या भरल्या. मग तिच्यासमोर बसून म्हणाले, "सुनीती, आता काहीही बोल. हिंदी बोल, पंजाबी बोल. चुकलं असं काही नाही. प्रत्येक शब्दाला गोळी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिची बोटे आखडली.

त्यांनी दोरी ओढली. गोळी पडली. "ही घे, अशीच. न बोलता."

तिने घेतली नाही. ते रोज संध्याकाळी बसत आणि गोळ्या पाडत. वाटी भरून वाहिली आणि गोळ्यांना मुंग्या लागल्या. एके दिवशी कुमुदताईंनी येऊन त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली.

"पुरे करा. तुमचं बक्षीससुद्धा त्याच पेटीतून येतं ना? तिला कसा भरवसा वाटावा?"

त्याच संध्याकाळी मला घराबाहेर काढले गेले. जिन्याखाली, कोळशाच्या गोणीपलीकडे, माझी रवानगी झाली. मी तिथे वर्षानुवर्षे राहिले. अंगावर काजळी बसली, काचेला तडा गेला. मला तिथून फक्त जिना दिसे, आणि जिन्यावरचे ऐकू येई.

म्हणून शेवटचे जे सांगायचे आहे, ते मी स्वतः पाहिलेले आहे.

उन्हाळा लागला तेव्हा सुनीती पुन्हा जिन्यावर येऊन बसू लागली. परमजीत एकटीच बोलत असे. ही ऐके. बरेच दिवस असे गेले. मग एका संध्याकाळी परमजीतने मास्तरांची नक्कल केली आणि मला सुनीतीचे हसणे ऐकू आले. त्यामागोमाग तिचा आवाज आला. "नहीं, ऐसे नहीं, वो तो ऐसे चलता है." आणि मग बांध फुटल्यासारखी ती बोलू लागली. हॉस्पिटलातली नर्स कशी होती, शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई कशा घोरत, टाके काढताना काय झाले, सगळे एका दमात, हिंदीत, पंजाबीत, मध्येच मराठीत. "मला इतकं दुखलं ना, इतकं, मैं बता नहीं सकती."

तेवढ्यात खाली सायकल टेकवल्याचा आवाज झाला. विनायकराव कामावरून आले होते. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. बुटाचा तो आवाज वर पोहोचला आणि सुनीतीचे बोलणे वाक्याच्या मध्येच थांबले.

बझर तुटलेला होता. मी जिन्याखाली होते. तरी तो आवाज झाल्याबरोबर ती गप्प झाली.

विनायकराव पायरीवर उभे राहिले. त्यांना मी पुरते ओळखत होते. जांभळ्या शेपटीच्या उंदरासमोर ते ज्या चेहऱ्याने बसले होते, तोच हा चेहरा, फक्त या वेळी त्यांच्या आणि त्या जिवाच्या मध्ये काच नव्हती. त्यांनी पाय अलगद मागे घेतला. भिंतीला टेकून उभे राहिले, डबा छातीशी धरून, श्वाससुद्धा जपून घेत. खालून कुणी वर येत नाही असे पाहून काही वेळाने परमजीत म्हणाली, "फिर क्या हुआ?" आणि सुनीती पुन्हा बोलू लागली.

त्या दिवसापासून ते रोज असे करत. बूट दाराबाहेर काढत, सायकल दूर उभी करत, अनवाणी येऊन जिन्याखाली माझ्या शेजारी उभे राहत. मुलगी वर बोले. ती मराठी बोलते की हिंदी, हे ते ऐकत नसत. ती बोलते आहे, एवढेच ऐकत. तिचे बोलणे संपले, ती आपणहून घरात गेली, की मगच ते वर जात. उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुन्हा धुके आले, तरी हे चालू राहिले. एखाद्या दिवशी तिने त्यांना "बाबा, आज उशीर झाला" एवढे म्हटले तर ते दिवसभराचे मिळाले असे त्यांना वाटे. पुढे सुनीती मोठी झाली, कॉलेजात गेली, मैत्रिणींत भरभरून बोलू लागली. वडिलांशी मात्र ती जन्मभर तोलून, तपासून, शुद्ध बोलली. त्यात चूक कधीच नसे.

मित्रांनो, क्वार्टर सोडताना विनायकरावांनी मला तुमच्या शाळेला देऊन टाकले. तेव्हापासून मी तुमचे वर्ग ऐकते. एखाद्या दिवशी कुणी प्रश्न विचारतो, सगळे हसतात, आणि पुढचे कितीतरी दिवस तो हात वर करत नाही. बाई म्हणतात, हा आता शहाणा झाला. मी कपाटावरून त्याचे पाय बघते.

माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. तडा गेलेली काच बदलली नाही तरी चालेल. मागायचे आहे ते वेगळेच. तुमच्या बाकावर, तुमच्या घरात, बोलणारे कुणी एकदम गप्प झाले, तर ते शिकले असे धरून चालू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला कोणत्याही भाषेत, कसेही, चुकतमाकत बोलू द्या, आणि ते बोलत असताना तुमचे हात त्याला दिसतील असे मोकळे ठेवा.